अडीच रुपयांचं ऊसरोप: पैसे नेमके कशाचे मोजतो?

कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी, संकेश्वर, चिकोडी, रायबाग, कागवाड या पट्ट्यात रस्त्याकडेला शेडनेट टाकून उसाची रोपं विकणाऱ्या रोपवाटिका आता जागोजागी आहेत. पाटीवर ८६०३२, २६५, ९२००५ असे वाणांचे नंबर लिहिलेले असतात आणि खाली मोबाइल नंबर. हे परीक्षण त्या ट्रेमधल्या रोपाचं आहे, कुठल्या एका रोपवाटिकेचं नाही. रोप कसं पारखायचं ते पुढं येईलच. पण त्या रोपात सरकारी संशोधनाचा बराच मोठा खर्च दडलेला आहे, आणि तो तुमच्या सरीत उतरतो का, हेही तपासायला हवं. गुण द्यायचे तर वाणाला दहापैकी नऊ, रोप या वस्तूला सात, आणि पाटीवरच्या नंबराच्या खात्रीला चार.

आधी पैशाचा हिशोब. पाच फुटी सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरलं तर एका रोपाला दहा चौरस फूट जागा, म्हणजे एकरी ४,३५६ रोपं. नांग्या, म्हणजे रोप मेलेल्या रिकाम्या जागा, भरायला पाच टक्के जादा घ्या, साधारण ४,५७५ होतात. रोपाला अडीच रुपये धरले तर ११,४०० रुपयांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला दोन डोळ्यांच्या टिपऱ्या (लावणीचे उसाचे तुकडे) एकरी दहा हजार लागतात, त्याला अडीच ते तीन टन बेणं जातं. टनाला ३,५०० धरले तर ८,७५० ते १०,५०० रुपये, वर बेणं तोडायची, टिपऱ्या करायची मजुरी. म्हणजे रोप महाग पडतं ही समजूत बहुतेक ठिकाणी टिकत नाही. उलट रोपाचं पहिलं महिनाभराचं आयुष्य ट्रेमध्ये गेलेलं असतं, तेवढ्या काळाचं पाटाचं पाणी आणि एक भांगलण वाचते. आडसाली लावणीत, जुलै-ऑगस्टच्या झडीत, काळ्या रानात टिपरी कुजते. रोप तिथं तग धरतं. सुरू हंगामाला, फेब्रुवारीत लावण मागं पडली असेल, तर रोपाचा फायदा आणखी वाढतो.

या अडीच रुपयांत कोकोपीट आहे, ट्रेचं भाडं आहे, मजुरी आहे, डोळ्याचे चार-सहा आणे आहेत. वाणाचे मात्र शून्य. ८६०३२ वर कुणी स्वामित्वधन घेत नाही.

हे वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचं. ही संस्था १९१२ साली सुरू झाली आणि १९१८ मध्ये तिनं को २०५ हे वाण दिलं (‘को’ म्हणजे कोइमतूर). लागवडीचा ऊस आणि रानटी कसाड गवत यांच्या संकरातून आलेलं ते वाण उत्तर भारतासाठी होतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना आठवतात ते ४१९ आणि ७४० हे नंबरसुद्धा तिथलेच. ८६०३२ चे आई-बाप को ६२१९८ आणि कोसी ६७१. नंबरातले ८६ म्हणजे १९८६; त्या वर्षी त्याला ‘को’ नंबर मिळाला. दक्षिण भारताच्या मोठ्या पट्ट्यासाठी त्याची अधिकृत शिफारस झाली ती २००० साली. मधली चौदा वर्षं चाचण्यांत गेली, आणि नंबर मिळण्याआधीचा संकर-निवडीचा काळ वेगळाच.

एवढा वेळ का लागतो? उसाला तुरा येतो, पण सगळीकडे त्यात जिवंत बी धरत नाही. कोइमतूरच्या हवेत ते धरतं, म्हणून देशभरचे संकर प्रामुख्यानं तिथं होतात आणि ते कापसासारखं बारीक बी इतर संशोधन केंद्रांना पाठवलं जातं. त्यातलं प्रत्येक रोप वेगळं निघतं, कारण उसात गुणसूत्रांची गर्दी मोठी; आई-बापाचे गुण कसे मिसळतील ते आधी सांगता येत नाही. मग हजारो रोपांतून काही शे निवडायची, त्यांची कांडीनं लावण करायची, वजन, साखर, काणी, तांबेरा, लोळण, सगळं तपासायचं, खोडवा घ्यायचा, पुन्हा तपासायचं. ऊस वर्षाचं पीक, त्यामुळं एक फेरी म्हणजे एक वर्ष आणि खोडव्यासह दोन. शेवटी हाती एखादं वाण लागतं, कधी तेही लागत नाही. संशोधनाचा खर्च मोजताना फेकून दिलेल्या हजारो रोपांचा खर्चही त्या एका वाणाच्या नावावरच टाकावा लागतो. ‘सरकारी फार्मवर नुसती गवतं वाढलेली असतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अर्थात काही फार्मवर खरोखर गवतच असतं, ती गोष्ट वेगळी.

परतावा किती, याचे आकडे आहेत. अमेरिकी अर्थतज्ज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५८ मध्ये संकरित मक्याचा हिशोब मांडला: १९५५ पर्यंतच्या संशोधनावर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला वर्षाला किमान सात डॉलर. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनं सांगितलं की शेती संशोधन आणि शिक्षणावरच्या एका रुपयामागे १३ रुपये ८५ पैसे परत येतात, आणि २०२२-२३ मध्ये या कामावर सुमारे १९,६५० कोटी रुपये खर्च झाले. दोन्ही आकडे वाचताना सावध राहावं. मक्याचा हिशोब जिंकलेल्या घोड्याचा आहे. दुसरा आकडा सरासरीचा आहे. त्यातले पैसे शेतकऱ्याच्या खिशात गेले, कारखान्याच्या की साखर स्वस्त खाणाऱ्या शहराच्या, हे तो सांगत नाही.

मक्याची आणि उसाची तुलना आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. संकरित मक्याचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, म्हणून तिथं खासगी कंपन्या पैसा घालतात. ऊस कांडीनं वाढतो. एकदा बांधावर आलेलं वाण पाहुण्याला, शेजाऱ्याला, मेव्हण्याला मोळी बांधून देता येतं, आणि वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्याला तसा हक्कही देतो. अट एवढीच की ब्रँडच्या नावानं विकायचं नाही. त्यामुळं ऊसवाणाच्या पैदाशीत खासगी पैसा सहसा येत नाही. कोइमतूर, महाराष्ट्रातली पाडेगाव आणि मांजरीची केंद्रं, आणि आपल्या जिल्ह्यातलं धारवाड कृषी विद्यापीठाचं संकेश्वरचं केंद्र, ही आपल्या पट्ट्यासाठी मुख्य घरं. ‘एसएनके’ अक्षरांनी सुरू होणारे नंबर दिसले तर ते संकेश्वरचे. जिल्ह्यातच पारखलेलं वाण असूनही आपल्या रोपवाटिकांत ते क्वचित दिसतं. गिऱ्हाईक ८६०३२ मागतं म्हणून मालक ते ठेवतो, आणि मालक ठेवतो म्हणून गिऱ्हाईक तेच मागतं.

आता चार गुण का, ते सांगतो. दीड महिन्याच्या रोपाकडं बघून वाण ओळखता येत नाही. कांडीचा रंग, डोळ्याची ठेवण, पाचट किती सुटतं, पानाच्या देठावर कूस (बारीक काटे) आहे की नाही, या सगळ्या खुणा पुढं सहा-सात महिन्यांनी दिसतात. तोवर तुमचे पैसे गेलेले, लावण झालेली. रोपवाटिकेवाला लबाडच असतो असं नाही. बऱ्याचदा तो डोळे जवळच्या फडातून उचलतो, तो फड पूर्वी दुसऱ्याकडून आणलेल्या बेण्याचा, आणि त्यात दोन-तीन टक्के भेसळ आधीच मुरलेली. दोन टक्के म्हणजे एकरात ८७ रोपं. पक्वतेचा काळ वेगळा असलेली ८७ बेटं फडात उभी राहिली की तोडणीच्या वेळी काही ऊस कच्चा, काही जास्त पिकून पोकळ होतो.

भेसळीपेक्षा रोग जास्त महाग पडतो. ऊस कांडीनं वाढतो म्हणजे कांडीतला रोगही पिढ्यान्पिढ्या पुढं जातो. गवताळ वाढीत बेटातून पांढुरक्या, बारीक पानांचा झुपका येतो आणि ऊस धरत नाही. काणीत शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघतो. खोडव्याच्या खुरटेपणाला तर बाहेरून काहीच खूण नसते, फक्त उत्पादन दरसाल घटतं आणि आपण म्हणतो ‘वाण थकलं’. बहुतेक वेळा वाण थकलेलं नसतं, बेणं आजारी असतं. त्यावर उपाय म्हणून संशोधनानं त्रिस्तरीय बेणे मळा दिला: मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त गरम हवेत अडीच तास ठेवायचं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, आणि शेतकऱ्यानं दर तीन वर्षांनी बेणं बदलायचं. तापमान दोन अंश खाली राहिलं तर रोग जिवंत राहतो, वर गेलं तर डोळे मरतात. यंत्र कारखान्याकडं किंवा संशोधन केंद्रात असतं, शेडनेटवाल्याकडं नसतं. म्हणून रोपवाटिकेत पहिला प्रश्न भावाचा नको. डोळे कुठल्या बेणे मळ्यातले, त्या मळ्याची लावण कधीची, बेणं किती महिन्यांचं, हे विचारा. नऊ ते अकरा महिन्यांचं बेणं योग्य. त्याहून जून झालं की खालचे डोळे निबर होतात. खोडव्याचे डोळे असतील तर उठून चालू पडा.

ट्रे बघताना एक रोप मागून बाहेर काढून बघा. लाजू नका, ४,५०० घेणार आहात. पांढरी मुळं कोकोपीटला धरून असावीत, गड्डा न फुटता बाहेर यावा. मुळं तपकिरी होऊन तळाशी गुंडाळली असतील तर रोप ट्रेमध्ये जास्त राहिलंय. असं रोप रानात गेल्यावर पंधरा दिवस जागचं हलत नाही. वय ३० ते ४५ दिवस, हिरवी पानं पाच-सहा. गडद हिरवं, मऊ, लोळणारं रोप १९:१९:१९ या विद्राव्य खताच्या फवाऱ्यावर वाढवलेलं असतं; ते दिसायला देखणं आणि उन्हाला कच्चं. शेवटचे आठ दिवस रोप शेडनेटबाहेर, कमी पाण्यावर ठेवलं होतं का, ते विचारा. बेणेप्रक्रियाही विचारा: १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम, दहा मिनिटं बुडवण, ते सुकल्यावर ॲसिटोबॅक्टर १० किलो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सव्वा किलो, १०० लिटरमध्ये अर्धा तास. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच बादलीत ओतणारे लोक आहेत. तिथं जिवाणू मरतात आणि पैसे वाया जातात.

लावताना सरी आधी भिजवून वाफसा येऊ द्या, दुपार टाळा. वरची पानं अर्धी छाटा, म्हणजे बाष्पीभवन कमी होतं. गड्डा पूर्ण मातीखाली, पण वाढीचा कोंब मातीबाहेर. कोंबात चिखल गेला की तो कुजतो. त्याच दिवशी हलकं पाणी. आठ-दहा दिवसांत नांग्या भरा, पुढं भरलेल्या नांग्या दाबल्या जातात आणि त्या रोपाचा ऊस बारीक राहतो. दीड-दोन महिन्यांनी जेठा (पहिला, मुख्य) कोंब मोडला की फुटवे एकसारखे येतात. कृष्णाकाठी अथणी-कागवाड भागात जमीन चोपण (क्षारांनी बिघडलेली) असेल तर ८६०३२ पेक्षा पाडेगावचं २६५ जास्त तग धरतं, पण ते उशिरा पिकतं. बारा महिन्यांत तोडलं तर साखर भरलेली नसते.

आणि इथंच संशोधनाच्या परताव्याला मोठं भोक पडतं. २०२५-२६ हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) टनामागे ३,५५० रुपये, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे वाढ. समजा तुम्ही निवडून, राखून, वेळेवर तोडून अर्धा टक्का जास्त साखरेचा ऊस पिकवला. हिशोबानं टनाला १७३ रुपये, ४० टनांच्या एकराला ६,९२० रुपये जास्त मिळायला हवेत. मिळत नाहीत, कारण दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. तुमचा ऊस आणि शेजाऱ्याचा कच्चा ऊस एकाच गव्हाणीत पडतो. उलट जड, उशिरा पिकणारं वाण लावून एकरी पाच टन वाढवले, तर तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० धरा, १५,००० रुपये थेट पावतीवर. मग शेतकरी साखर कशाला राखील? साखरेचं प्रमाण वाढवायला पैदासकार दहा-पंधरा वर्षं घालवतो आणि काटा फक्त वजन मोजतो. कारखानदार २६५ च्या नावानं नाक मुरडतात तेव्हा हा हिशोब त्यांनीही मांडावा; वैयक्तिक उतारा मोजायची यंत्रणा उभी करायला खर्च आहे, पण तो कुणी करायचा हे ठरल्याशिवाय तक्रारीला अर्थ नाही.

दुसरं भोक सीमेचं आहे. बियाणं महाराष्ट्रातल्या शिरोळ-कागलहून निपाणीत रोज येतं, त्याला कुणी अडवत नाही. शिफारशी मात्र दोन विद्यापीठांच्या, दोन भाषांत. मराठी वाचणारा शेतकरी महाराष्ट्रातल्या राहुरी कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेवर चालतो, अनुदानाचा कागद बेंगळूरच्या योजनेचा असतो, आणि तिथल्या वाणांच्या यादीत त्याच्या फडातलं वाण असेलच असं नाही. खरेदीआधी जवळच्या रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या कार्यालयात) यादी बघून घ्या. पावतीवर वाणाचं पूर्ण नाव नसेल तर अनुदान विसरा.

ज्या संशोधनातून विकण्यासारखी वस्तूच निघत नाही, त्याचा परतावा कुणाच्याच लक्षात राहत नाही. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात लोकरी मावा ही उसाचा रस शोषणारी कीड आली आणि त्याच वर्षी ती बेळगाव जिल्ह्यात उतरली. दहा फुटी फडात फवारणी होत नव्हती, तरी लोक औषधं ओतत होते. कीटकशास्त्रज्ञांनी सांगितलं की फवारणी थांबवा, डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे मित्रकीटक जपा, ते असलेली पानं तोडून नवीन फडात बांधा. पुढं ईशान्य भारतातला एन्कार्सिया हा परोपजीवी कीटकही इथं सोडला गेला. मावा आजही अधूनमधून दिसतो, पण आता त्याच्या नावानं गावं झोपत नाहीत असं होत नाही. या सल्ल्याची पावती कुणी फाडली नाही, त्यामुळं तो कुठल्याच ताळेबंदात नाही.

एकच वाण धरून बसण्याचा धोकाही सांगायला हवा. उत्तर प्रदेशात को ०२३८ हे २००९ मध्ये आलं, उतारा वाढला, आणि राज्यातल्या बहुतांश ऊसक्षेत्रावर तेच पसरलं. मग लाल कूज त्याच्यावर मात करू लागली आणि सरकारला ते वाण बदलायला सांगावं लागलं. आपल्याकडे ८६०३२ अजून टिकून आहे. पण पर्यायी वाणांवर खर्च आज झाला तरच ती दहा-बारा वर्षांनी हाती येतात, आणि भारताचा सगळ्या प्रकारच्या संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये देशाच्या जीडीपीच्या ०.६४ टक्के होता.

मग घ्यायचं काय? सगळ्या रानाला रस्त्यावरची रोपं घेण्याऐवजी दोन गुंठ्यांचा स्वतःचा बेणे मळा करा. पाच बाय दोनच्या लावणीला दोन गुंठ्यांत २१८ रोपं बसतात; नांग्या धरून २३० घ्या. ही रोपं संशोधन केंद्राच्या किंवा कारखान्याच्या पायाभूत बेण्याची, नाहीतर ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) घ्या. दहा रुपयाला एक पडलं तरी खर्च २,३०० रुपये. ऊतिसंवर्धित रोपाचा पहिला ऊस बारीक आणि फुटवे जास्त येतात. घाबरू नका, तो गाळपासाठी नाही, बेण्यासाठी आहे. बेटाला नऊ ऊस धरले तर दोन गुंठ्यांत साधारण २,००० ऊस, प्रत्येकी आठ चांगले डोळे म्हणजे १६,०००, त्यातले ८० टक्के उगवले तर १२,८०० रोपं. जवळपास तीन एकरांची सोय. गवताळ वाढीचं किंवा काणीचं बेट दिसलं की मुळासकट उपटून जाळा. काणीच्या पट्ट्यावर आधी पिशवी घालून मग तोडा, नाहीतर काळी भुकटी अख्ख्या मळ्यावर उडते. दुसरं वाण शेजारी असेल तर मधे दोन सऱ्या मोकळ्या सोडा. तीन वर्षं हा मळा वापरा, पण खोडवा न ठेवता दरवर्षी त्यातल्याच बेण्याची नवी लावण करून, आणि चौथ्या वर्षी पायाभूत बेणं पुन्हा आणा.

आडसालीसाठी हे बेणं जुलैत तोडायचं, म्हणजे मळ्याची लावण आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झालेली हवी. केंद्रांतलं पायाभूत बेणं मागणीपेक्षा कमी असतं, त्यामुळं नोंदणी श्रावणातच करून ठेवा आणि पावतीवर वाणाबरोबर ‘पायाभूत’ हा शब्द लिहून घ्या.